प्लॅस्टिकवरच्या दोन रेषा

(दृश्य: रात्र. प्रसूतिगृहातला एकच दिवा. टेबलावर अंथरलेलं पारदर्शक प्लॅस्टिक.)

बाळंतिणीच्या अंगाखाली प्लॅस्टिकची एक चादर सरकवली जाते. चादरीच्या खालच्या टोकाला खोळ आहे आणि खोळीवर दोन रेषा. एक ३०० मिलिलिटरची, दुसरी ५०० ची. बाळ जन्मलं की जे रक्त जातं, ते या खोळीत जमतं. संपलं उपकरण. बॅटरी नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

मग ती हवी कशाला? तर रक्त नजरेनं मोजता येत नाही म्हणून. कापडात मुरलेलं, पाण्यात मिसळलेलं, फरशीवर पसरलेलं रक्त पाहून अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो, आणि बहुतेक वेळा तो कमीच निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांमध्ये याची चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. नेहमीच्या पद्धतीत, जादा रक्तस्राव झालेल्या जेमतेम निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत तो वेळेवर ओळखला जात होता. खोळ वापरल्यावर १०० पैकी ९३ जणींच्या बाबतीत. आणि ओळखल्याबरोबर गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सामिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकाच दमात केलं, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं.

बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव थांबवला नाही, तर धडधाकट बाईचा जीव दोन तासांत जाऊ शकतो.

दोन तास. हे लक्षात असू द्या. कारण इथून पुढे आपण पैशांबद्दल बोलणार आहोत आणि पैशांचं घड्याळ फार सावकाश चालतं. खोळ कुणीतरी विकत घ्यायची असते. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज आला, फ्रिज म्हणजे वीज आली. इंजेक्शन देणारी नर्स रात्री दोन वाजता जागी हवी, आणि जागी राहण्यासाठी तिचा पगार झालेला हवा. या सगळ्याची बेरीज म्हणजे सरकारचा आरोग्यावरचा खर्च. अंदाजपत्रकात तो एका ओळीत असतो.

(दृश्य: काळा पडदा. आकडे एकेक करून उमटतात.)

२०२३ साली गरोदरपणात किंवा बाळंतपणात जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. दिवसाला सातशेहून जास्त. त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक कमी किंवा निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्यांपैकी सुमारे ७० टक्के, आणि एकट्या नायजेरियाचा वाटा चौथ्या हिश्शाहून मोठा. त्याच वर्षी ४८ लाख मुलं पाचवा वाढदिवस पाहू शकली नाहीत. यातली जवळपास निम्मी, २३ लाख, पहिला महिनाही ओलांडू शकली नाहीत.

हे आकडे पूर्वी याहून भयंकर होते, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सव्वा कोटीच्या घरात होते. म्हणजे मुलांच्या बाबतीत जगानं मोठी मजल मारली. मातांच्या बाबतीत २००० साली दर लाख जिवंत जन्मांमागे ३२८ मृत्यू होत, ते २०२३ मध्ये १९७ वर आले. २०३० चं उद्दिष्ट आहे ७०. उरलेल्या वर्षांत १९७ वरून ७० गाठायचं, तर आजवरचा वेग पुरणारा नाही.

मूल जितकं वाचलं तितकी आई का वाचली नाही? हा प्रश्न जुना आहे. १९८५ मध्ये ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात विचारलं होतं की माता-बाल आरोग्य या जोडनावातली माता कुठे आहे? सगळे कार्यक्रम तर बाळासाठीच आखलेले दिसतात.

उत्तराचा एक भाग असा. मुलाचे बरेचसे मारेकरी वेळापत्रकात बसतात. गोवराची लस अमुक महिन्यात. जीवनसत्त्व अ अमुक महिन्यांनी. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी, आणि ते आई घरीच पाजू शकते. यासाठी मोहीम काढता येते. गाडी येते, लस देते, निघून जाते. चांगली मोहीम खिळखिळ्या सरकारातही यशस्वी होऊ शकते.

बाळंतपणातली गुंतागुंत वेळापत्रक पाळत नाही. साधारण १०० पैकी १५ गरोदरपणांत उपचार लागेल अशी अडचण येते, पण ते १५ कोणते हे आधी सांगता येत नाही. धोक्याच्या बायका आधीच वेगळ्या काढू, हा प्रयोग अनेक देशांनी वर्षानुवर्षं केला. ज्यांच्यावर खूण केली त्यांतल्या बहुतेक सुखरूप सुटल्या, आणि ज्यांच्यावर केली नव्हती त्यांच्यातल्या काही गेल्या. म्हणून प्रत्येकीसाठी, प्रत्येक रात्री, रक्त, भूल, शस्त्रक्रिया करणारे हात आणि गाडी तयार लागते. पहिल्या आठवड्यातलं अर्भकही याच बाजूला मोडतं. जन्मतः न रडलेल्या बाळासाठी कुठलीही मोहीम वेळेत पोहोचत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात हे, की मूल मोहिमेनं वाचू शकतं, आईला यंत्रणा लागते. आणि यंत्रणा उभी करणं हे शेवटी सरकारी तिजोरीचं काम आहे.

(दृश्य: नदीकाठ, होडी, पावसाळी आभाळ. बांगलादेश.)

बांगलादेशाकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. आरोग्यावर सरकारी खर्च जगात अगदी तळाला असलेल्या देशांपैकी हा एक, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी. उपचाराचा बहुतेक खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात. तरीही बालमृत्यू कमी करण्यात या देशानं कितीतरी श्रीमंत शेजाऱ्यांना मागे टाकलं. कसं?

१९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून जास्त घरांतल्या बायकांना जुलाबावरची एक कृती शिकवून आल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. वजनकाटा नको, पुडी नको. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शिकवून आल्यावर काही दिवसांनी दुसरं कुणीतरी जाऊन त्या घरातल्या बाईला काय लक्षात राहिलं हे तपासायचं, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. किती घरं केली याचे पैसे नाहीत. किती डोक्यांत उतरलं याचे पैसे. सरकारी खात्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी ही पद्धत आहे.

माताही वाचू लागल्या. राष्ट्रीय पाहणीत २००१ साली दर लाख जन्मांमागे ३२२ मातामृत्यू होते, ते २०१० मध्ये १९४ झाले. जन्मदर घटला होता, मुली शिकत होत्या, अडचण आली तर दवाखाना गाठायची सवय लागत होती. मग २०१६ ची पाहणी आली. दवाखान्यात होणारी बाळंतपणं सहा वर्षांत २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेली होती. सिझेरियन १२ वरून ३१ टक्क्यांवर. आणि मातामृत्यू? १९६.

बायका दुपटीनं दवाखान्यात पोहोचल्या आणि आकडा जागचा हलला नाही. कारण पोहोचल्या ते दार बहुतेक वेळा खासगी होतं, आणि सरकारी असो वा खासगी, खूप ठिकाणी रक्तस्राव थांबवण्याची किंवा रक्तदाब वाढून येणारे झटके आवरण्याची चोवीस तास तयारीच नव्हती. झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि जुनं आहे. त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यानं घटतो, हे २००२ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनं दाखवून दिलं. औषध स्वस्त असणं आणि ते रात्री कपाटात सापडणं यांच्यामधलं अंतर हेच यंत्रणेचं अंतर.

(दृश्य: फायलींचे गठ्ठे. टेबलावर पंखा.)

तर मग पैसे वाढवले की झालं? इतकं सोपं असतं तर हा व्हिडिओ इथेच संपला असता.

१९९९ मध्ये डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला की सरकारी आरोग्यखर्चाचा बालमृत्यूंवर दिसेल असा परिणाम जवळजवळ नाहीच. देशाचं उत्पन्न, विषमता, स्त्रियांचं शिक्षण यांनीच बहुतेक फरक उलगडतो. अर्थमंत्र्यांना आवडेल असा निष्कर्ष. पण तो तिथे थांबला नाही. पुढे २००७ मध्ये फरासत बोखारी आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीनं मोजलं. त्यांच्या हिशेबात सरकारी खर्च १० टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांखालचे बालमृत्यू सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर घटतात आणि मातामृत्यू ५ टक्क्यांनी. मातांवरचा परिणाम मोठा आहे, इकडे लक्ष द्या. मघाच्या मुद्द्याशी तो जुळतो. २००८ मध्ये आणखी एका अभ्यासानं दोन्ही टोकं सांधली: कारभार बरा असेल तिथे पैसा जीव वाचवतो, भ्रष्ट आणि ढिसाळ असेल तिथे तो जिरतो.

जिरतो म्हणजे नेमका कुठे? मध्य आफ्रिकेतल्या चाडमध्ये २००४ साली पैशांचा माग काढणारी एक पाहणी झाली. राजधानीतून निघालेल्या, पगार सोडून असलेल्या आरोग्यनिधीपैकी आरोग्यकेंद्रापर्यंत किती पोहोचला? एक टक्क्याहूनही कमी. औषधं, कापूस, रॉकेल, दुरुस्ती, सगळं त्या एक टक्क्यात.

दुसरी गळती चोरीसारखी दिसत नाही. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या पाच देशांत आगाऊ न कळवता आरोग्यकेंद्रांना भेटी दिल्या गेल्या, तेव्हा सरासरी ३५ टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. पगार झाला, खर्च पडला, हिशेब जुळला. खुर्ची तेवढी रिकामी. अर्थात दूरच्या केंद्रात राहायला घर नाही, मुलांना शाळा नाही, म्हणून माणूस टिकत नाही, हेही खरं. दोष नेहमी माणसाच्या अंगचा असतो असं नाही.

तिसरी गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. आफ्रिकेतल्या अनेक देशांत आरोग्यासाठी मंजूर झालेल्या रकमेपैकी १० ते ३० टक्के वर्षअखेर खर्चच होत नाही. पैसे उशिरा सुटतात, खरेदीच्या अटी पुऱ्या होत नाहीत, सह्या अडकतात. निधी कमी म्हणून ओरड, आणि आहे तो परत.

(दृश्य: भाताची खाचरं, सायकलवरून जाणारी पांढऱ्या साडीतली दाई. श्रीलंका.)

आता श्रीलंका. इथे थोडं रेंगाळू या, कारण गरीब असताना हे काम जमलं, असं फार थोड्या देशांना म्हणता येतं.

१९२६ मध्ये कळुतरा इथे पहिलं आरोग्य पथक सुरू झालं. ठरावीक लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई, आणि ती घरोघरी जाणार. १९३१ मध्ये ब्रिटिश अमलाखाली असतानाच सगळ्या प्रौढांना मतदानाचा हक्क मिळाला, बायकांनाही. खेड्यातल्या मतदाराला दवाखाना हवा होता आणि निवडून येणाऱ्याला मतं. आरोग्याच्या इतिहासात मताच्या पेटीला इतकं मोठं श्रेय क्वचितच देता येईल. १९४० च्या दशकात दर लाख जन्मांमागे हजाराहून जास्त असलेले मातामृत्यू १९५० पर्यंत साडेपाचशेच्या आसपास आले. पुढेही दर दहाबारा वर्षांनी ते निम्म्यावर येत राहिले. आज आकडा पस्तिशीच्याही खाली आहे.

खर्च? सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. मग झालं कसं? पैसे दाईत घातले, गावाजवळच्या छोट्या रुग्णालयात घातले, रस्त्यात घातले. दाईला तीन ते पाच हजारांची वस्ती. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाला कितवा महिना, हे तिच्या वहीत. ती सरकारी नोकर, पगारी, आणि तिच्यावर देखरेख करणारी दुसरी. शाळेत मुली होत्याच, त्यामुळे दाई व्हायला आणि दाईचं ऐकायला दोन्हीकडे शिकलेल्या बायका होत्या.

आणि एक सवय. मातेचा मृत्यू झाला की त्याची चौकशी. कधी दुखायला लागलं, घरून कधी निघाली, गाडी कधी मिळाली, रक्त कधी मागितलं, कधी आलं. कुणाला शिक्षा करायची म्हणून ही चौकशी नाही, कुठल्या तासाला साखळी तुटली हे कळावं म्हणून. मृत्यू नोंदवले जाणं हीच मुळात चैन आहे. कितीतरी देशांत बाई जाते आणि कागदावर काहीच उमटत नाही. न नोंदलेल्या मृत्यूसाठी कुठला अर्थमंत्री तरतूद करणार?

श्रीलंकेचं चित्र गुळगुळीत नाही. २०२२ च्या आर्थिक संकटात परकी चलन आटलं आणि रुग्णालयांत औषधांचा तुटवडा झाला. नव्वद वर्षांची यंत्रणासुद्धा तिजोरीपासून सुटी नसते.

रवांडाचाही उल्लेख करायला हवा, धावता. १९९४ च्या नरसंहारानंतर जवळपास शून्यातून सुरुवात. गावागावात आरोग्यसेवक, सामुदायिक विमा, केंद्रांना कामाच्या दर्जानुसार पैसे. २००० च्या पाहणीत दर लाख जन्मांमागे १,०७१ मातामृत्यू, २०१९-२० मध्ये २०३. पण यात परदेशी मदतीचा मोठा वाटा होता, आणि हा धागा पुढे येणार आहे.

(दृश्य: दवाखान्याची खिडकी. खिडकीखाली हात पुढे करून उभी असलेली रांग.)

१९८७ मध्ये मालीची राजधानी बामाको इथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी एक धोरण स्वीकारलं. औषधांचे थोडे पैसे लोकांकडून घ्यायचे आणि त्यातूनच साठा पुन्हा भरायचा. हेतू वाईट नव्हता, कपाटं खरोखर रिकामी होती. पण खिडकीवर पैसे मागितले की घरात विचार सुरू होतो. जायचं का? अजून थोडं थांबायचं का? बाळंतपणातला पहिला उशीर दवाखान्यात होत नाही, तो इथे होतो, उंबऱ्याच्या आत.

युगांडानं २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं हे शुल्क काढून टाकलं. गर्दी उसळली, गरिबांची जास्त. आणि मग औषधं संपली. लोक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जाऊ लागले. गरिबांवरचा उपचाराचा भार हवा तसा उतरला नाही. शुल्क माफ करणं ही घोषणा झाली. माफ केलेल्या पैशांची जागा तिजोरीनं भरणं हे काम, आणि ते मागे राहिलं.

सिएरा लिओननं २७ एप्रिल २०१० ला गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सेवा मोफत केली, तेव्हा सोबत कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले आणि पगारपत्रकावरची बनावट नावं काढली. २०१३ च्या पाहणीत दर लाख जन्मांमागे मातामृत्यू १,१६५ होते. मध्ये इबोलाची साथ येऊन गेली, कितीतरी आरोग्य कर्मचारी त्यात दगावले. २०१९ च्या पाहणीत आकडा ७१७. अजूनही भयानक, पण घसरणारा.

युगांडाची गोष्ट पुढे न्यायालयात गेली. सरकारी रुग्णालयांत दोन बाळंतिणी दगावल्या, आणि २०११ मध्ये त्यांच्या नातेवाइकांनी एका आरोग्यहक्क संस्थेसोबत घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. म्हणणं एवढंच होतं की मूलभूत साहित्य आणि माणसं न पुरवून सरकारनं घटना मोडली. २०१२ मध्ये न्यायालयानं प्रकरण फेटाळलं. तरतूद किती करायची हा राजकीय प्रश्न, आम्ही त्यात पडणार नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: पडावं लागेल. आणि ऑगस्ट २०२० मध्ये, दाखल झाल्यापासून नऊ वर्षांनी, निकाल आला. बाळंतपणातल्या मूलभूत सेवेसाठी पुरेशी तरतूद न करणं हा जगण्याच्या आणि आरोग्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पुढच्या अंदाजपत्रकात पुरेसा निधी दाखवा.

न्यायालयाला नऊ वर्षं लागली. त्या दोघींकडे तास होते.

(दृश्य: परिषदेचं सभागृह. झेंडे, पाण्याच्या बाटल्या.)

वचनांची कमतरता कधीच नव्हती. एप्रिल २००१ मध्ये नायजेरियाच्या अबुजा शहरात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी सांगितलं, सरकारी खर्चाचा १५ टक्के हिस्सा आरोग्यावर. बहुतेक देश अजून तिथे पोहोचलेले नाहीत. खुद्द यजमान नायजेरिया त्याच्या निम्म्यावरही सातत्यानं टिकला नाही. मूलभूत सेवेसाठी माणशी वर्षाला किमान ८६ डॉलर लागतील असा एक मान्य अंदाज आहे. सगळ्यात गरीब देशांची सरकारं स्वतःच्या तिजोरीतून माणशी सरासरी दहा डॉलरच्या आसपास घालतात.

ही तूट आजवर परदेशी मदतीनं थोडीफार झाकली. पण मदतीची एक खोड आहे. २०१० च्या एका अभ्यासात आढळलं की सरकारला आरोग्यासाठी एक डॉलर मदत आली की सरकार स्वतःचे साधारण ४३ सेंट, काही ठिकाणी पूर्ण डॉलरहून जास्त, आरोग्यावरून काढून दुसरीकडे वळवतं. बाहेरचा पैसा आला, घरचा निघून गेला. मग २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड ही आपली मदतसंस्था बंद केली, आणि ज्या देशांनी घरचा पैसा काढून घेतला होता त्यांच्याकडे एकाएकी दोन्ही उरले नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच.

(दृश्य: पुन्हा तेच प्रसूतिगृह. पहाट. खिडकीबाहेर उजाडतं आहे.)

कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १०० कोटी लोकांच्या वाट्याला येणारं आरोग्यकेंद्र असं आहे की तिथे वीज भरवशाची नाही, किंवा मुळीच नाही. आणि मघाच्या चाचणीतल्या त्या खोळीपुढच्या पहिल्या हालचालींपैकी एक फ्रिजकडे जाते.

रात्रीच्या त्या बाळंतपणात रक्त ३०० च्या रेषेवर पोहोचलं, तेव्हा नर्सनं मसाज सुरू केला, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. ५०० च्या रेषेला ते टेकलं नाही. बाळ आईच्या छातीवर झोपलं आहे.

(दृश्य: नर्स फ्रिज उघडते. आतला दिवा लागतो. ऑक्सिटोसिनच्या उरलेल्या कुप्या ती बोटानं मोजते, साठ्याच्या वहीत आकडा लिहिते, मागच्या पानावर जाऊन नवा साठा कधी मागवला होता ती तारीख पाहते, आणि दार लावून घेते.)